व्यापार की संगणक? नागपुरातील एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

बारावीचे निकाल लागले की आपल्या घराघरांतून एकच चर्चा सुरू होते. मुलाला किंवा मुलीला संगणकशास्त्राला घालावे की व्यापार आणि व्यवस्थापनाच्या शाखेला? मामू एक सांगतात, खालू दुसरे सांगतात, शिकवणीचे सर तिसरेच. कुणाचा भाचा पुण्यात संगणक कंपनीत लागलेला असतो, तर कुणाच्या शेजाऱ्याचा मुलगा सी.ए. होऊन इतवारीत कार्यालय थाटून बसलेला असतो. दोन्ही उदाहरणे खरी असतात, आणि म्हणूनच पालकांचा गोंधळ आणखी वाढतो. घरात पैसा एकाच मुलाच्या फीपुरता असेल तर हा गोंधळ केवळ गोंधळ राहत नाही. पुढच्या दहा वर्षांचा संसार त्यावर ठरतो.

हा प्रश्न आपल्या पिढीने प्रथमच अनुभवला, असा आपला समज असतो. वास्तविक नागपूर शहर गेली सुमारे दीडशे वर्षे ह्याच प्रश्नाभोवती फिरत आले आहे. फक्त ‘संगणक’ ह्या शब्दाच्या जागी पूर्वी ‘यंत्र’ हा शब्द होता आणि ‘बिझनेस’च्या जागी ‘गादी’ होती. त्या इतिहासातील काही पाने येथे उलगडून पाहण्याचा विचार आहे.

प्रथम गादीविषयी थोडे. विद्यापीठे येण्यापूर्वी व्यापाराचे शिक्षण दुकानातच मिळे. इतवारीत किंवा गांधीबागेत मुलगा सकाळी दुकान झाडायला येई, दुपारी माल मोजायला शिके आणि दोन-चार वर्षांनी मुनीमजी त्याच्यापुढे वही सरकवीत. कीर्द लिहिणे, खतावणी घालणे, ताळेबंद जुळविणे हे सारे हाताखाली राहून येई. आपण मराठीत जमा, खर्च, बाकी, वसूल, हिशेब असे शब्द रोज बोलतो. ते अरबी-फारसीतून आले आणि दरबाराच्या दप्तरातून बाजाराच्या वहीत उतरले, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. हिशेबाची भाषा ही ह्या मुलखात सर्वांची सामाईक भाषा होती. इतवारीतील बोहरा दुकानदार, मारवाडी सराफ आणि कोष्टी विणकर यांची घरची बोली वेगवेगळी असली, तरी वहीतील शब्द तेच होते.

दुसऱ्या बाजूला हुनर होता. उत्तर हिंदुस्थानातून आलेली मोमीन विणकरांची कुटुंबे कामठीत आणि नागपूरच्या मोमीनपुऱ्यात स्थिरावली, ती माग घेऊन. येथे मुलगा बापाच्या शेजारी बसून ताणा-बाणा शिकत असे. विणकर स्वतः माल विकीत नसे, आणि व्यापारी स्वतः माल विणीत नसे. ह्या दोघांच्या मधल्या अंतरातच नफा कुणाचा आणि कर्ज कुणाचे हे ठरत असे. ज्याला विणता येई पण हिशेब येत नसे, तो बहुधा सावकाराच्या वहीत सापडे. आजच्या निवडीचा विचार करताना ही जुनी गोष्ट विसरू नये असे मला वाटते.

मग १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि पुढच्या दहा वर्षांत जमशेटजी टाटांची गिरणी उभी राहिली. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्याचा तोच दिवस, म्हणून गिरणीला ते नाव. कापूस जवळ, कोळसा जवळ, रेल्वे दाराशी आणि जागा स्वस्त, असा टाटांचा हिशेब होता. जागा मात्र दलदलीची होती. खड्डा भरायला मातीऐवजी सोने घालणारा हा माणूस आहे, असे म्हणून येथील एका मारवाडी पेढीवाल्याने भांडवल द्यायचे नाकारले आणि पुढे त्यानेच, टाटांनी माती घातली व सोने काढले अशी कबुली दिली, अशी आख्यायिका टाटांच्या चरित्रात सांगितली जाते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने ह्या गिरणीतील खरी मौज दोन माणसांत आहे. व्यवस्थापक म्हणून टाटांनी बेझनजी दादाभाई मेहता यांची निवड केली. बेझनजी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले होते. कापड कसे विणतात हे त्यांना ठाऊक नव्हते, पण माल कुठून येतो, कुठे जातो, किती दिवसांत जातो आणि माणसांकडून काम कसे करून घ्यावे हे त्यांना पक्के ठाऊक होते. यंत्रांची बाजू मात्र लँकेशायरमधील तंत्रज्ञ जेम्स ब्रुक्स्बी यांच्याकडे होती. व्यापार जाणणारा एक आणि यंत्र जाणणारा दुसरा, असे हे जोडपे होते. गिरणीची पहिली यंत्रे स्वस्तातली निघाली व सूत हलके येऊ लागले, तेव्हा ती बदलायचा निर्णय झाला. पुढे रिंग-चात्या ही त्या काळची अगदी नवी सुधारणा एम्प्रेस मिलने १८८० नंतरच्या वर्षांत उचलली. तेव्हा लँकेशायरच्या कित्येक गिरण्याही ती घ्यायला कचरत होत्या. यंत्र चांगले आहे हे तंत्रज्ञाने सांगायचे, ते परवडते की नाही हे व्यवस्थापकाने सांगायचे, आणि दोघांना एकमेकांची भाषा समजली पाहिजे. हा धडा नागपूरने १८८० च्या सुमारासच पाहिला होता.

शाळा-कॉलेजांनी मात्र तो धडा गिरवला नाही, हे सखेद नमूद करावे लागते. १८८३ साली स्कॉटिश मिशनऱ्यांचे हिस्लॉप कॉलेज निघाले, १८८५ साली मॉरिस कॉलेज निघाले. परीक्षा सुरुवातीला कलकत्ता विद्यापीठाच्या, नंतर अलाहाबाद विद्यापीठाच्या. शिकण्याचा हेतू सरकारी नोकरी किंवा वकिली. गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या शहरात यंत्र आणि व्यापार हे दोन्ही विषय कॉलेजच्या दाराबाहेर होते. १९०६ साली विज्ञानाची स्वतंत्र संस्था निघाली, तीच आजची शासकीय विज्ञान संस्था. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू झाले. तरीही बी.ए., एल्‌एल.बी. हीच मानाची पायरी राहिली.

पुढचे वळण आले ते एका व्यापाऱ्यामुळे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मँगनीजच्या खाणींत पैसा मिळविला होता. १९३० साली ते वारले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्राने लक्षावधी रुपयांची मालमत्ता नागपूर विद्यापीठाकडे आली. उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकविण्यासाठी ती खर्चावी, अशी त्यांची इच्छा होती. त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. ही अमरावती रोडवरील एल.आय.टी. आज स्वतंत्र विद्यापीठ झाली आहे. खाणवाल्या व्यापाऱ्याने आपला पैसा व्यापाराच्या शिक्षणासाठी नव्हे, तर विज्ञानासाठी ठेवला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

वाणिज्य शिक्षण आले ते वर्ध्याच्या वाटेने. मुंबईचे कापसाचे मोठे व्यापारी गोविंदराम सेकसरिया यांच्या नावाचे वाणिज्य महाविद्यालय शिक्षा मंडळाने १९४० साली वर्ध्यात व १९४५ साली नागपुरात काढले. तेच आपले जी.एस. कॉमर्स कॉलेज. गंमत अशी की त्याच सेकसरियांचे नाव इंदूरच्या १९५२ सालच्या तंत्रविज्ञान संस्थेलाही आहे. मुंबईतही मोहम्मद हाजी साबू सिद्दीक ह्या व्यापाऱ्याच्या नावाची तांत्रिक संस्था १९३६ पासून उभी आहे आणि अंजुमन-इ-इस्लामने तिच्याच आवारात १९८४ साली अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. म्हणजे व्यापार आणि तंत्रविद्या ह्यांच्यात भांडण आहे असे पैसा देणाऱ्या व्यापाऱ्यांना कधी वाटलेच नव्हते. भिंत घातली ती विद्यापीठाच्या विद्याशाखांनी.

आता संगणकाकडे येऊ. संगणक म्हणजे केवळ शास्त्रज्ञांचे यंत्र, अशी समजूत अजूनही आहे. पण त्याचा जन्मच अर्धा हिशेबाच्या खोलीत झाला. १८९० साली अमेरिकेच्या जनगणनेची मोजणी छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या यंत्राने झाली. त्या यंत्राचा कर्ता हर्मन हॉलरिथ. त्याची कंपनी इतरांत मिसळत जाऊन १९२४ साली तिला जे नाव मिळाले ते ‘इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स’, म्हणजेच आयबीएम. बिझनेस आणि मशीन हे दोन शब्द एकाच पाटीवर! आपण मात्र त्यांच्यापैकी एक निवडायला मुलांना बसवतो.

लंडनच्या लायन्स कंपनीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. ही कंपनी चहाची दुकाने चालवी, केक आणि पाव भाजून विकी. रोज लक्षावधी छोट्या बिलांचा हिशेब कारकुनांना आवरेना, म्हणून तिने स्वतःच संगणक बांधला. त्याचे नाव ‘लिओ’. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्याने पहिले नियमित व्यापारी काम केले, आणि ते होते बेकरीच्या मालाची किंमत काढण्याचे.

आणि त्याही मागे जायचे तर बगदादला जावे लागेल. नवव्या शतकातील मुहम्मद इब्न मूसा अल्‌-ख्वारिझमी यांच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला, हे आपल्या शाळांतून सांगितले जाते. परंतु त्यांच्या बीजगणिताच्या ग्रंथाचा हेतू काय होता, हे क्वचितच सांगितले जाते. वारसाहक्काच्या वाटण्या, खटले, व्यापार आणि जमिनीची मोजणी ह्यांत लोकांना जे गणित लागते ते सोपे करून द्यावे, हा तो हेतू होता. त्यांनीच हिंदुस्थानी अंकांवरही पुस्तक लिहिले, आणि लॅटिन भाषांतरातून ते युरोपच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोचले. म्हणजे आजच्या संगणकशास्त्राच्या मूळ शब्दामागे बाजारातला हिशेब उभा आहे.

आपल्या देशात पहिला संगणक १९५५ साली कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा ‘टिफ्रॅक’ १९६० साली सुरू झाला. पण सामान्य माणसाच्या नोकरीशी संगणकाचा संबंध जोडला तो बँका आणि विमा कंपन्यांनी. टाटांच्या घरातूनच १९६८ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस निघाली. तिच्या आरंभीच्या कामांत टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी कार्डांवरची माहिती तयार करणे आणि सेंट्रल बँकेच्या शाखाशाखांमधील देण्याघेण्याचा मेळ घालून देणे अशी कामे होती. ज्या घराण्याची पहिली मोठी गिरणी नागपुरात निघाली, त्याच घराण्याची संगणक कंपनी जुळवीत होती ती बँकेची खतावणी!

त्या वेळी संगणकाविषयीची भीती मोठी होती. एक यंत्र शंभर कारकुनांच्या पोटावर पाय देणार, असे लोक उघड म्हणत. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणक आणू देणार नाही म्हणून इमारतीवर पहारे दिले. बँकांतील संघटनांशी करार व्हायला १९८३ साल उजाडले. १९८४ साली रंगराजन समितीने बँकांच्या यंत्रीकरणाचा आराखडा दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राजीव गांधींच्या सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले. ती भीती सर्वस्वी खोटी होती असे मी म्हणणार नाही. नुसती बेरीज-वजाबाकी करणाऱ्या कारकुनाची जागा खरोखरच गेली. हिशेबाचा अर्थ समजणाऱ्याची जागा मात्र गेली नाही, उलट तिचे मोल वाढले.

नागपूरच्या बाबतीत १९८४ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९६० पासून येथे एकच मोठे अभियांत्रिकी महाविद्यालय होते, ते म्हणजे विश्वेश्वरय्या प्रादेशिक महाविद्यालय, आजचे व्हीएनआयटी. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि पुढच्याच वर्षी नागपुरात रामदेवबाबा, यशवंतराव चव्हाण आणि के.डी.के. अशी तीन महाविद्यालये निघाली. जागा वाढल्या, पण खर्च पालकांच्या खिशावर आला. ज्या घरांतून तोवर कुणी कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते, तेथेही ‘इंजिनिअरिंग’ हा शब्द पोचला. सदरमध्ये अंजुमन हामी-ए-इस्लामचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९९ साली निघाले, तेव्हा आपल्या वस्त्यांतील मुलांना ती वाट आणखी जवळची झाली.

येथे खानदेशातील एका घराण्याची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अमळनेर हे गाव मराठी माणसाला साने गुरुजींच्या शाळेमुळे ठाऊक आहे. तेथे मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी डिसेंबर १९४५ मध्ये ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली. घराणे मूळचे तांदळाच्या व्यापारातले. अमळनेरच्या कारखान्यात खानदेशच्या भुईमुगाचे तेल गाळून वनस्पती तूप होई आणि उरलेल्यापासून कपड्याचा साबण. हे सारे म्हणजे शुद्ध व्यापार. मुलगा अझीम मात्र अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकत होता. १९६६ साली वडील अचानक वारले. मुलगा एकवीस वर्षांचा, पदवी हातात नाही. शिक्षण अर्धवट टाकून तो परत आला आणि तेलाच्या कारखान्याचा कारभार पाहू लागला. भागधारकांच्या सभेत एकाने त्याला तोंडावर सांगितले की, हे तुझे काम नव्हे, हिस्सा विकून मोकळा हो.

त्याने विकला नाही. पुढची कित्येक वर्षे तो तेल, तूप आणि साबणच विकीत होता. १९७८ पर्यंत आयबीएमने भारतातील आपला व्याप आवरला, कारण परकीय कंपनीने आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणावा ही १९७३ च्या विदेशी चलन कायद्याची अट तिला मान्य नव्हती. देशात संगणक लागणार होते, पण विकणारा गेला होता. तेव्हा अझीम प्रेमजींनी १९८० नंतर बंगलोरला संगणकाचा धंदा सुरू केला. कंपनीचे लांबलचक नाव तोवर ‘विप्रो’ एवढे आटोपशीर झाले होते. त्यांच्या ह्या पावलात अभियांत्रिकीचे शिक्षण किती आणि तेलाच्या धंद्यात शिकलेली बाजाराची पारख किती, हे सांगणे अवघड आहे. माझ्या मते दुसऱ्याचा वाटा मोठा होता. संगणक बनविणारे अभियंते पगारावर मिळाले, पण बाजारात कुठे जागा रिकामी झाली आहे हे ओळखणारा डोळा पगारावर मिळत नाही. अमळनेरच्या ज्या कुटुंबांनी जुन्या काळात घेतलेले विप्रोचे शेअर्स विकले नाहीत, त्यांचे पुढे काय झाले हे खानदेशात घरोघर सांगतात. आणि स्वतः प्रेमजींनी आपली अपुरी राहिलेली पदवी तीस वर्षांहून अधिक काळानंतर पुरी केली.

ही मोठ्या माणसाची, मोठ्या भांडवलाची गोष्ट झाली, आपल्याला तिचा काय उपयोग, असे कुणी म्हणेल. ते म्हणणे रास्त आहे. म्हणून दुसरी लहान गोष्ट घेऊ. बंगलोरचे श्यामसुंदर गोयंका गिरण्या आणि कारखान्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. त्यांना आपल्या वह्या संगणकावर न्यायच्या होत्या, पण मनासारखे काही मिळेना. त्यांचा मुलगा भरत गणिताचा पदवीधर होता. बापाने हिशेबाची अडचण सांगितली आणि मुलाने तिच्यासाठी संगणकाची आज्ञावली लिहिली. १९८६ साली निघालेल्या त्यांच्या ह्या उद्योगातून ‘टॅली’ आली. आज इतवारीत नोकरी मागायला जाणाऱ्याला पहिला प्रश्न विचारतात तो ‘टॅली येते का?’ हाच. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जो दुकानदार तोवर लाल कापडाच्या वहीवर भागवीत होता, त्यालाही संगणकासमोर बसावे लागले. मुनीमजीची गादी आणि संगणकाची पाटी एकाच टेबलावर आली.

ह्याच मधल्या जागेवर नागपूर विद्यापीठाने बी.सी.सी.ए. ही पदवी उभी केली. वाणिज्य आणि संगणक-उपयोग यांचा हा जोड अभ्यासक्रम आपल्याकडील पालकांना चांगला परिचित आहे, विशेषतः मुलींच्या पालकांना. त्याविषयी एक स्पष्ट बोलले पाहिजे. घरात पैसा थोडा असला की मुलाला अभियांत्रिकीला घालायचे आणि मुलीला ‘जवळच्या कॉलेजात काहीतरी’ द्यायचे, अशी प्रथा आपल्यात आहे. जोड अभ्यासक्रम त्या ‘काहीतरी’त जमा होतात. अमेरिकेत १९४५-४६ साली ‘एनिॲक’ ह्या प्रचंड संगणकाला गणिते घालून देण्याचे काम सहा तरुणींनी केले होते. हे काम बायकांचे नव्हे, असे तेथे तेव्हा कुणाला वाटले नाही. आपल्या मुलीच्या बी.सी.सी.ए.कडे वेळ घालविण्याचे साधन म्हणून पाहिले तर ती तसेच शिकेल. तीच मुलगी गणित आणि हिशेब नेटाने करील तर पुढे सी.ए., एम.बी.ए., एम.सी.ए. अशा तीन वाटा तिच्यापुढे असतात.

आता लाटेविषयी. संगणकाची मागणी नेहमी चढतीच राहिली असा ग्रह असेल तर तो सोडावा. २००० सालानंतर अमेरिकेतील इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला आणि आपल्याकडेही नेमणुका लांबल्या. २०१० नंतरच्या दशकात विदर्भातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत जागा रिकाम्या राहू लागल्या, काही महाविद्यालये बंदच पडली. मग वारा पुन्हा फिरला. स्थापत्य आणि यंत्र शाखांच्या जागा घटल्या व संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वाढल्या. २०२२ च्या अखेरीस माणसासारखे लिहिणारा चॅटजीपीटी आला, आणि प्राथमिक स्वरूपाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांचे काय, असा प्रश्न उभा राहिला. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. वाणिज्याच्या बाजूलाही निश्चिंती नाही. नुसत्या नोंदी करणाऱ्या हिशेबनिसाचे काम यंत्र झपाट्याने घेत आहे. १९७० च्या कारकुनाला जी भीती होती तीच आज दोन्ही शाखांच्या पदवीधराला आहे. एम्प्रेस मिलही २००२ साली बंद झाली, आणि मागावरची हातोटी असलेल्यांना मागाबरोबरच घरी बसावे लागले.

पालकहो, ह्या इतिहासात आपण कुठे आहोत, हेही पाहिले पाहिजे. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या सच्चर समितीच्या अहवालात दोन आकडे आहेत. देशातील आयआयटींत तेव्हा २७,१६१ विद्यार्थी होते, त्यांत मुस्लिम ८९४. आयआयएममध्ये ४,७४३ विद्यार्थी, त्यांत मुस्लिम ६३. पहिले प्रमाण ३.३ टक्के, दुसरे १.३ टक्के. ज्या समाजात बोहरा, मेमन, खोजे यांसारख्या पिढीजात व्यापारी जमाती आहेत, त्याच समाजाची मुले व्यापार-व्यवस्थापनाच्या सर्वांत नामांकित संस्थांत तंत्रशास्त्राहूनही कमी दिसावीत, हे मला अधिक खटकते. व्यापार दुकानातच शिकायचा असतो, त्याला कॉलेज कशाला, ही जुनी समजूत ह्यामागे असावी असा माझा तर्क आहे. आकडे वीस वर्षांपूर्वीचे आहेत, पण समजूत अजून पुष्कळ घरांत जिवंत आहे.

योगायोग असा की ह्या दोन्ही प्रकारच्या संस्था नागपुरात लागोपाठ आल्या. २०१५ साली आयआयएम नागपूर सुरू झाले, त्याचे पहिले वर्ग व्हीएनआयटीच्या आवारात भरले आणि २०२२ साली मिहानमधील स्वतःच्या इमारतीचे उद्घाटन झाले. २०१६ साली आयआयआयटी नागपूर ही माहिती तंत्रज्ञानाची संस्था आली, ती आज बुटीबोरीजवळ वारंगा येथे आहे. मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस यांची कार्यालये आहेत. आणि आयआयएमच्या वर्गात डोकावून पाहिले तर बाकावर अर्ध्याहून अधिक अभियंतेच सापडतात, हे देशभरातील आयआयएमचे चित्र आहे. आधी यंत्र शिकून मग व्यापार शिकणारे हे विद्यार्थी. उलट दिशेने, आधी व्यापार शिकून मग यंत्र शिकणे मात्र फार कठीण जाते. त्याचे कारण बुद्धी नव्हे. ते कारण दहावीनंतरच्या प्रवेश अर्जात दडलेले असते.

ते असे. अकरावीला कॉमर्स घेणाऱ्याला गणित किंवा सेक्रेटेरिअल प्रॅक्टिस, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘एस.पी.’, यांतून एक घेता येते. दहावीत गणिताने दमविलेला मुलगा डोळे मिटून एस.पी. घेतो, आणि घरातही कुणी विचारीत नाही. दोन वर्षांनी अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, संगणकाचा पुढचा अभ्यास ह्या वाटा त्याच्यापुढे अरुंद होतात. बी.कॉम. होऊन एम.सी.ए.कडे वळू पाहणाऱ्याला बारावीचे गणित नसल्याची अडचण तेव्हा कळते. बी.टेक.ला तर भौतिकशास्त्र आणि गणित हवेच. बी.बी.ए. आणि बी.सी.ए. यांना २०२४ पासून राज्याची सामाईक प्रवेश परीक्षाही द्यावी लागते. तिची तारीख बारावीच्या निकालाची वाट पाहत थांबणाऱ्यांच्या हातून निसटते, कारण अर्ज निकालाआधीच भरायचे असतात. ज्यांना अभियांत्रिकीची फी झेपत नाही त्यांनी सी.ए.ची वाट डोळ्यांआड करू नये. फी तुलनेने थोडी, मधली दोन वर्षे एखाद्या कार्यालयात उमेदवारी आणि तिचे विद्यावेतनही. परीक्षा मात्र कठीण आहे, आणि तिच्यातही गणित व संख्याशास्त्र पहिल्याच पायरीवर भेटते.

तेव्हा ह्या वर्षी ज्यांची मुले दहावीला आहेत त्यांनी प्रवेश अर्ज भरताना मुलाच्या शेजारी बसावे आणि कॉमर्सच्या विषयांची यादी आली की एस.पी.समोर खूण करण्यापूर्वी गणिताच्या शिक्षकांना एकदा भेटून यावे. मूल अडते आहे ते बीजगणितात, की फक्त भीतीत, हे ते अर्ध्या तासात सांगू शकतील.